‘आणि त्यांचे काय?’

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल प्रथम मी आपला ऋणी आहे. अशा प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या गतकाळाचा गौरव करावा आणि भविष्यकाळासाठी शुभेच्छा द्याव्यात, असा प्रघात आहे. ते काम माझ्याहून अधिक अधिकारी मंडळी या महोत्सवात करीतच आहेत. म्हणून आपल्या अनुमतीने मी थोडा अप्रिय वाटेल असा विषय निवडला आहे. तो आहे आपल्या वादविवादांतील एका उत्तराचा. आपल्या बाजूच्या राजकीय अतिरेकाविषयी कोणी प्रश्न विचारला, की त्या प्रश्नाला उत्तर न देता आपण म्हणतो, ‘आणि त्यांचे काय?’ या तीन शब्दांनी आपल्या सार्वजनिक जीवनाची जेवढी हानी केली आहे, तेवढी उघड असत्यानेही केली नसेल, असे मला वाटते.

हे उत्तर नवे नाही. ‘तू तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहेस?’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु आपल्या पूर्वजांनी या उत्तराची शास्त्रशुद्ध चिकित्साही करून ठेवली आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. निग्रहस्थान म्हणजे वादात जेथे माणूस हरला असे समजावे ती जागा. त्यांतल्या एकाचे नाव ‘मतानुज्ञा’. आपल्या पक्षावर घेतलेल्या दोषाचे निवारण न करता तोच दोष प्रतिपक्षावर लादणे, म्हणजे मतानुज्ञा. टीकाकारांनी दिलेले उदाहरण चोराचे आहे. एकाने म्हटले, ‘तू चोर आहेस’. दुसऱ्याने उत्तर दिले, ‘तूही चोर आहेस.’ दुसऱ्याला वाटते, आपण बिनतोड उत्तर दिले. शास्त्र म्हणते, तू हरलास. कारण त्या ‘ही’मध्ये तू आपले चोर असणे मान्य करून बसलास. नैयायिकांनी नैतिक उपदेश केलेला नाही. त्यांनी केवळ हिशेब मांडला आहे. आरोप होता तेथेच राहिला, त्यात दुसऱ्या आरोपाची भर पडली, आणि निवारण एकाचेही झाले नाही.

हे उत्तर केवळ व्यक्तीच देतात असे नव्हे. बलाढ्य राष्ट्रेही देतात. त्याचे एक उदाहरण भिलाईत सांगणे उचित होईल, कारण या नगराचा जन्मच एका मैत्रीतून झाला आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत युनियन यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. रशियन तंत्रज्ञांनी येथे केलेल्या कष्टांची आठवण मैत्रीबाग आजही करून देते. त्या रशियन समाजातच एक कडवट विनोद प्रचलित होता. सोव्हिएत राजवटीतील उणिवांविषयी अमेरिकन माणसाने काहीही विचारले, तरी उत्तर ठरलेले असे : ‘पण तुमच्याकडे काळ्या माणसांना झाडाला लटकावून मारतात!’

या विनोदातील मर्म असे, की ते उत्तर खरे होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याचे प्रकार हजारोंनी झाले होते. परंतु ते खरे असल्यामुळे १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत स्तालिनच्या राजवटीने गोळ्या घातलेल्या ६ लाख ८० हजारांहून अधिक माणसांपैकी एकही परत आला नाही. अलाबामातील मृताचे नाव मॉस्कोतील मृताच्या नावावर पांघरूण म्हणून वापरले गेले, एवढेच.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या न्याय खात्याने डिसेंबर १९५२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे, शाळांतील वर्णभेदाच्या खटल्यात, असे निवेदन केले की या भेदभावामुळे कम्युनिस्ट प्रचाराला आयते खाद्य मिळत आहे. मे १९५४ मध्ये न्यायालयाने तो भेदभाव घटनाबाह्य ठरविला. म्हणजे शत्रूने लबाडीने दाखविलेल्या बोटाचाही, ज्याच्याकडे ते दाखविले त्याने उपयोग करून घेतला. यातून एक नियम काढता येतो. दुसऱ्याने आपल्याकडे बोट दाखविले, तर त्याचा हेतू काहीही असो, आपण त्या दिशेने पाहावे. स्वतः मात्र बोट दाखवून सुटका करून घेऊ नये.

आता दूरच्या देशातून जवळ येतो. भिलाईत बसून या विषयावर बोलायचे आणि बस्तरचे नाव टाळायचे, हे मला शक्य नाही. आपल्या कारखान्यातील लोखंडाची नाळ दल्ली-राजहराच्या डोंगरांशी आणि त्यापलीकडे रावघाटशी जुळलेली आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुळे गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी छत्तीसगड आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. तेव्हा बस्तरच्या जंगलात जे घडले ते आपल्या अंगणापासून दूर नव्हते. तरीही आपल्या दिवाणखान्यांत त्याविषयी जो संवाद होत आला, तो बहुतांशी ‘त्यांचे काय?’ याच साच्यातला होता.

जून २००५ पासून त्या वेळच्या दंतेवाडा जिल्ह्यात ‘सलवा जुडूम’ सुरू झाले. गोंडी भाषेतील या नावाचा अर्थ ‘शांतियात्रा’ असा सांगितला जाई. त्याचे नेतृत्व विरोधी पक्षनेते महेंद्र कर्मा यांच्याकडे होते आणि पाठबळ सत्तारूढ सरकारचे होते. नक्षलवाद्यांच्या ‘जनअदालतीं’त खबऱ्या ठरवून आदिवासींनाच ठार मारले जात होते, दळणवळण तोडले जात होते, त्याविरुद्ध लोकांनी उठाव केला, असे सरकारचे म्हणणे होते. परंतु या मोहिमेत शेकडो गावे ओस पडली, घरे जळाली, हजारो माणसे रस्त्याकडेच्या छावण्यांत येऊन पडली आणि कोवळ्या आदिवासी मुलांच्या हाती ‘विशेष पोलिस अधिकारी’ म्हणून बंदुका देण्यात आल्या. जुलै २००६ मध्ये नक्षलवाद्यांनी एर्राबोरच्या छावणीवर हल्ला करून पंचवीसहून अधिक माणसे मारली, त्यांत लहान मुलेही होती. मारणारे स्वतःला आदिवासींचे कैवारी म्हणवीत होते आणि मरणारे आदिवासीच होते.

याच प्रदेशातील एका गावाचे नाव आपण लक्षात ठेवावे अशी माझी विनंती आहे. ते गाव ताडमेटला. ६ एप्रिल २०१० रोजी या गावाजवळ नक्षलवाद्यांनी दबा धरून केलेल्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलिस दलाचे ७५ जवान आणि राज्य पोलिसांचा एक, असे ७६ जण ठार झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतील गरीब घरांची ती मुले होती. त्यानंतर अकरा महिन्यांनी, मार्च २०११ मध्ये, ताडमेटला आणि शेजारच्या मोरपल्ली व तिम्मापूर या गावांतील घरे सुरक्षा दलांच्या कारवाईत जाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला आणि त्या विभागाने २०१६ मध्ये काही विशेष पोलिस अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले.

आता पाहा, या दोन घटनांचे आपण काय केले. जवानांच्या हत्येविषयी बोलावे, तर एक बाजू म्हणे : ‘आणि सलवा जुडूमचे काय?’ जळलेल्या घरांविषयी बोलावे, तर दुसरी बाजू म्हणे : ‘आणि त्या ७६ जवानांचे काय?’ दोन्ही प्रश्न योग्यच होते. परंतु ते प्रश्न म्हणून विचारले जात नव्हते. समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरले जात होते. जवानांचे नाव घेणाऱ्या किती जणांनी त्यांच्या विधवांची विचारपूस केली? जळलेल्या घरांचे नाव घेणाऱ्या किती जणांनी त्या घरांवर पुन्हा छप्पर चढले की नाही, याची चौकशी केली?

दोन वर्षांनी, मे २०१३ मध्ये, हाच खेळ अवघ्या आठवड्याच्या अंतराने झाला. १७ मे च्या रात्री विजापूर जिल्ह्यातील एडसमेटा येथे ‘बीज पंडुम’ या पेरणीपूर्व सणासाठी जमलेल्या गावकऱ्यांवर सुरक्षा दलाचा गोळीबार झाला. आठ गावकरी मरण पावले, त्यांत अल्पवयीन मुलेही होती. दलाचा एक जवानही मृत्युमुखी पडला. २५ मे रोजी झीरम घाटीत काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेवर नक्षलवाद्यांनी हल्ला केला. महेंद्र कर्मा, प्रदेशाध्यक्ष नंदकुमार पटेल आणि त्यांचे पुत्र यांच्यासह पंचवीसहून अधिक जणांचा बळी गेला. ज्येष्ठ नेते विद्याचरण शुक्ल जखमी होऊन पुढे जून महिन्यात निवर्तले. झीरम घाटीचे नाव देशभर झाले, तसे ते होणारच होते. परंतु एडसमेट्याचा प्रश्न आठ दिवसांतच पुसला गेला. कारण आता तो विचारणाऱ्याला ‘झीरमचे काय?’ एवढेच विचारणे पुरेसे होते. न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या आयोगाचा एडसमेट्याविषयीचा अहवाल विधानसभेपुढे यायला २०२२ साल उजाडले.

बंधुभगिनींनो, या उत्तराचे परिणाम काय होतात, ते आता नीट पाहू. पहिला परिणाम मृतांवर होतो. प्रत्येक मृत मनुष्य हा स्वतःचा एक स्वतंत्र प्रश्न असतो. त्याला कोणी मारले, का मारले, ते टाळता आले असते काय, याची उत्तरे त्याच्या आप्तांना हवी असतात. ‘त्यांचे काय?’ म्हणणारा त्या मृताला नाणे बनवितो आणि दुसऱ्या मृताच्या बदल्यात वटवून टाकतो. हिशेब फिटल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात दोन्ही घरांचे देणे बाकीच राहते.

दुसरा परिणाम असा, की दोन्ही बाजूंचे आततायी एकमेकांच्या आधाराने जगू लागतात. वरवर ते परस्परांचे शत्रू असतात. परंतु एकाच्या अत्याचाराची बातमी ही दुसऱ्याची शिदोरी असते. ज्या दिवशी पलीकडचा अत्याचार थांबेल, त्या दिवशी अलीकडच्याला स्वतःच्या कृत्याचे स्वतंत्र समर्थन शोधावे लागेल, आणि तसे समर्थन त्याच्यापाशी नसते.

तिसरा परिणाम मधल्या माणसावर होतो. भिलाईला तो चांगला ठाऊक आहे. शंकर गुहा नियोगी येथल्या कोक ओव्हनमध्ये कामगार होते. पुढे दल्ली-राजहराच्या खाणकामगारांची संघटना त्यांनी उभी केली. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमांतून तेथे शहीद रुग्णालय उभे राहिले. त्यांच्या मागण्यांविषयी बोलायचे नसले, की ‘तो नक्षलवादीच आहे’ एवढे म्हटले जाई. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटेपूर्वी भिलाईतील राहत्या घरी झोपेत असताना त्यांची हत्या झाली. त्यांची सर्व मते आपल्याला पटावीत असे नाही. परंतु बंदूक न उचलणाऱ्या माणसावर बंदूकवाल्याचे नाव चिकटविले, की त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी संपते. आणि जंगलातला बंदूकवाला तरुणांना सांगू शकतो, ‘पाहिलेत, सनदशीर मार्गाने जाणाऱ्याचे काय होते?’

परप्रांतातील उदाहरणे देऊन आपण आपल्या घराकडे पाठ फिरविली, तर तीही एक मतानुज्ञाच होईल. म्हणून आता मराठी समाजाविषयी बोलतो.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. मारेकरी मराठी होता, पुण्यात वृत्तपत्र चालवीत होता. पुढच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरादारांची जाळपोळ झाली. ज्यांचा त्या कटाशी सुतराम संबंध नव्हता अशी कुटुंबे एका रात्रीत निराधार झाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. कित्येक घराण्यांनी गाव कायमचे सोडले.

या दोन घटनांविषयी गेल्या पाऊणशे वर्षांत मराठी माणसे परस्परांशी कशी बोलली? खुनाविषयी बोलू लागले, की एका घरात उत्तर मिळे : ‘आणि आमची घरे जाळली त्याचे काय?’ जाळपोळीविषयी बोलू लागले, की दुसऱ्या घरात उत्तर मिळे : ‘आणि खून कोणी केला?’ पहिल्या घराने जळलेल्या वाड्यांचे दुःख पुढे करून, ज्या विचारसरणीतून तो खून झाला तिची झडती घेण्याचे टाळले. दुसऱ्या घराने त्या खुनाचे नाव पुढे करून, निरपराध शेजाऱ्याच्या दारात रॉकेल घेऊन गेलेल्या जमावाची झडती घेण्याचे टाळले. परिणाम असा झाला, की एका महान हत्येचे आणि एका मोठ्या अन्यायाचे मोकळेपणी परीक्षण करण्याची संधी आपल्या समाजाने दवडली.

याच काळात एका मराठी माणसाने निराळा मार्ग धरला. साने गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. गुरुजींचा त्या कटाशी काय संबंध होता? काहीच नाही. ते आयुष्यभर त्याच्या विरुद्ध टोकाला उभे होते. ‘ते लोक आणि आम्ही वेगळे’ असे म्हणून त्यांना सहज मोकळे होता आले असते. परंतु ज्या समाजात आपण वाढलो, त्याच समाजात हा द्वेषही वाढला, तेव्हा प्रायश्चित्ताची सुरुवात आपल्यापासून झाली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. ‘त्यांचे काय?’ याच्या नेमके उलट असे हे उत्तर आहे.

स्वतः गांधीजींनीही हाच धडा घालून दिला होता. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलिस ठाण्याला आग लावली आणि बावीस पोलिस त्यात मरण पावले. त्याआधी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला होता आणि त्यात माणसे मेली होती. गांधीजींना ‘आणि पोलिसांचे काय?’ असे म्हणता आले असते. ते खोटे ठरले नसते. अवघा देश चळवळीत उतरलेला होता आणि बार्डोलीचा सत्याग्रह तोंडावर आला होता. तरी त्यांनी सामुदायिक कायदेभंग स्थगित केला आणि पाच दिवसांचे उपोषण केले. त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनाही तो निर्णय रुचला नाही, आणि तो राजकीयदृष्ट्या योग्य होता की नाही याविषयी आजही मतभेद आहेत. परंतु आपल्या बाजूच्या कृत्याचे उत्तर आपण द्यायचे असते, हा दंडक त्यांनी घालून दिला, याविषयी मतभेद असू नये.

तिसरे उदाहरण अलीकडच्या काळातले आणि बस्तरला लागून असलेल्या तेलुगू मुलखातले आहे. के. बालगोपाल हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. आंध्र प्रदेशातील नागरी स्वातंत्र्य समितीचे ते अनेक वर्षे सरचिटणीस होते. पोलिसांच्या बनावट चकमकींचा त्यांनी पिच्छा पुरविला. त्यापायी १९८५ मध्ये त्यांना टाडाखाली तुरुंगवास घडला आणि १९८९ मध्ये त्यांचे अपहरणही झाले. सरकारकडे बोट दाखविण्याचा अधिकार त्यांच्याहून अधिक कोणाला असणार? परंतु नव्वदीच्या दशकात त्यांनी असे म्हणण्यास सुरुवात केली, की नक्षलवादीही सामान्य माणसांचे प्राण घेतात आणि नागरी हक्कांच्या संघटनेने त्याविषयीही बोलले पाहिजे. त्यावरून मतभेद विकोपाला गेले. आयुष्यातील मोलाची वर्षे दिलेली संघटना त्यांनी सोडली आणि १९९८ मध्ये सहकाऱ्यांसह ‘ह्यूमन राइट्स फोरम’ स्थापन केला. त्यानंतरही सरकारी अत्याचारांविरुद्धचे त्यांचे काम तसूभरही कमी झाले नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी गडचिरोलीत लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी १७ पोलिसांना ठार केले. बालगोपालांचे म्हणणे किती निकडीचे होते, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

येथे काही श्रोत्यांच्या मनात एक आक्षेप आला असेल. तो रास्त आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. ‘मग तुलना करूच नये काय? एकाच मापाने सर्वांना मोजा, अशी मागणी करणे हाही गुन्हा झाला काय?’

नाही. तुलना हा न्यायाचा प्राण आहे. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये दंगली झाल्या. सुमारे नऊशे माणसे मेली. १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे मेली. स्फोटांच्या खटल्यात शंभर आरोपी दोषी ठरले; दंगलींतील फारच थोड्या गुन्ह्यांत शिक्षा झाली. ‘स्फोटांत न्याय झाला तसा दंगलींतही व्हावा,’ असे कोणी म्हणाले, तर तो मतानुज्ञेचा दोष नव्हे. कारण तो एका न्यायात दुसऱ्याची भर मागतो आहे. परंतु ‘दंगलींत न्याय झाला नाही, तेव्हा स्फोटांविषयी बोलू नका,’ किंवा ‘स्फोट झाले, तेव्हा दंगलींविषयी बोलू नका,’ असे कोणी म्हणाले, तर तो दोष झाला; कारण तो एका अन्यायाच्या बदल्यात दुसऱ्याला माफी मागतो आहे. १९८४ चा प्रश्न आला की २००२, आणि २००२ चा प्रश्न आला की १९८४, हा आपल्या देशातला नित्याचा पाठ याच जातीचा आहे.

दुसरा भेद कारण आणि समर्थन यांतला. बस्तरचा आदिवासी तरुण नक्षलवाद्यांकडे का गेला, याचा शोध घेताना जंगलखात्याचा जाच, व्यापाऱ्यांची लूट, हिरावलेली जमीन यांचा उल्लेख अटळ आहे. पंचायतींविषयीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा नीट राबविले गेले असते, तर काय झाले असते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. वैद्य रोगाचे कारण सांगतो, तेव्हा तो रोगाची तरफदारी करीत नाही. परंतु कारण सांगून झाल्यावर ‘म्हणून एर्राबोरची मुले मेली ते ठीकच,’ असा सूर लागला, की तेथे वैद्यकी संपते आणि वकिली सुरू होते.

तिसरा भेद अधिक नाजूक आहे. ‘दोन्ही बाजू सारख्याच’ असे म्हणून मोकळे होणे, हीही एक पळवाटच आहे. शासन आणि बंडखोर सारखे नाहीत. शासनाने राज्यघटनेची शपथ घेतलेली असते, त्याच्या हातची बंदूक आपल्या नावाने चालते, आणि म्हणून त्याला जाब विचारण्याचा आपला अधिकारही मोठा असतो. ५ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी आणि न्यायमूर्ती एस. एस. निज्जर यांनी विशेष पोलिस अधिकाऱ्यांच्या नेमणुका घटनाबाह्य ठरविल्या. नक्षलवाद्यांशी लढण्याचे शासनाचे कर्तव्य त्या निकालाने नाकारले नाही; ते कर्तव्य घटनेच्या चौकटीतच पार पाडले पाहिजे, प्रतिपक्षाची क्रूरता ही आपल्या बेकायदेशीरपणाची सनद होऊ शकत नाही, असाच त्याचा इत्यर्थ आहे.

तेव्हा तुलना कोठे न्यायाची आणि कोठे पळवाटेची, हे ओळखण्यासाठी एक सोपी कसोटी सांगतो. ‘त्यांचे काय?’ असे म्हणण्यापूर्वी मूळ प्रश्नाचे उत्तर दिले गेले आहे काय, एवढेच पाहावे. ‘आमच्या माणसांनी केले ते चूक होते’ हे वाक्य पूर्णविरामासह, ‘पण’ न जोडता, उच्चारता आले पाहिजे. त्यानंतर खुशाल दुसऱ्या बाजूविषयी बोलावे. ज्याच्याकडून तो पूर्णविराम होत नाही, त्याची तुलना न्यायासाठी नाही असे समजावे.

आता शेवटी आपल्यासारख्या, मूळ गावापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांविषयी थोडेसे. परमुलखात राहणाऱ्यांना या दोषाचा धोका अधिक असतो, असे मला वाटते. गावी राहणाऱ्याला ज्याच्याशी वाद, त्याच्याच दुकानातून सामान आणावे लागते, त्याच्याच मुलीच्या लग्नाला जावे लागते. त्यामुळे शब्दांना आपोआप लगाम बसतो. आपल्याकडे गावचे भांडण पोचते, पण गावचा शेजारी पोचत नाही. मग आपल्या मनात त्या भांडणाच्या केवळ दोन बाजू उरतात. माणसे उरत नाहीत. भाषेचा अभिमान, जातीचा अभिमान, पक्षाचा अभिमान दुरून अधिक कडक होतो आणि आपल्या बाजूच्या आततायी मंडळींची पाठराखण करणे हेच निष्ठेचे लक्षण वाटू लागते.

परंतु भिलाईने आपल्याला याचा उताराही दिलेला आहे. येथल्या सेक्टरांत आपल्या भिंतीला भिंत लावून तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि छत्तीसगढी कुटुंबे राहत आली. एकाच पाळीत काम करणाऱ्या माणसांना ‘त्यांचे काय?’ हे उत्तर चालत नाही. फर्नेसवर अपघात झाला, की आधी आपल्या पाळीत काय चुकले ते नोंदवावे लागते. ‘मागच्या पाळीतही चुकले होते’ असे लिहून भागत नाही, कारण तशाने पुढचा अपघात टळत नाही. कारखान्याच्या दारात आपण जो नियम निमूटपणे पाळतो, तो घरी आल्यावर राजकारणाच्या गप्पांत का सोडावा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव या माओवाद्यांच्या ज्येष्ठ नेत्याने साठेक सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बस्तरमधील बंदुकांचा आवाज बराच ओसरला आहे आणि तो कायमचा थांबावा, अशीच आपणा सर्वांची इच्छा आहे. परंतु बंदुका थांबल्यावर हिशेबाचे काम सुरू होते. ताडमेटल्याच्या जवानांच्या आणि ताडमेटल्याच्या गावकऱ्यांच्या, एर्राबोरच्या आणि एडसमेट्याच्या मृतांविषयी आता तरी एकाला दुसऱ्याच्या आड न लपविता बोलता येईल काय, ही आपली परीक्षा आहे. तीत उत्तीर्ण होण्यासाठी मोठ्या पांडित्याची आवश्यकता नाही. आपल्या बाजूविषयी प्रश्न आला, की दुसरीकडे बोट न दाखविता आधी त्याच प्रश्नाला उत्तर द्यावे, एवढी सवय या मंडळाच्या बैठकींतून आपल्या मुलांना लागली, तरी या सुवर्णमहोत्सवाने पुढच्या पन्नास वर्षांची काही तरतूद केली असे होईल.